रॉकमधले आवडते गीतकार: शब्दांत ते नेमकं काय करतात?

बॅकबीट
मराठी रॉक गाण्यांचे शब्द लिहितोय, त्यासाठी हा धागा. चाली तयार आहेत: ४/४ (एका बारमध्ये, म्हणजे आवर्तनात, चार ठोके), साधारण ९६ बीपीएम (मिनिटाला ९६ ठोके), कडवं आठ बारचं, कोरस चार बारचा. पण शब्द बसवले की ड्रमवर भावगीत ठेवल्यासारखं वाटतं. म्हणून रॉकमधल्या चांगल्या गीतकारांकडे कारागिरीच्या नजरेने बघायचं आहे. बॉब डिलन थोर, लेनर्ड कोहेन थोर, हे मान्यच. पण त्यांची बरीच गाणी कागदावर वाचली तर साधी वाटतात आणि गायली की अंगावर येतात, हे कशामुळे? तुमचा आवडता गीतकार, त्याचं एखादं गाणं आणि त्यात त्याने नेमकं काय केलंय, असं लिहिलंत तर फार उपयोग होईल.

कानसेन
डिलनपासूनच सुरुवात करतो, पण कमी वाजणाऱ्या गाण्यापासून. १९६४ च्या 'द टाइम्स दे आर अ-चेंजिंग' या अल्बममध्ये 'द लोनसम डेथ ऑफ हॅटी कॅरल' आहे. घटना खरी. फेब्रुवारी १९६३, बाल्टिमोरमधलं एक हॉटेल, बड्या लोकांची पार्टी. एका श्रीमंत गोऱ्या तरुणाने तिथे काम करणाऱ्या हॅटी कॅरल या कृष्णवर्णीय बाईंना छडी मारली, त्यात त्या गेल्या. त्याला शिक्षा झाली सहा महिन्यांची.

गाण्यात चार कडवी आहेत. पहिल्यात खून, दुसऱ्यात मारणाऱ्याची माहिती (वय चोवीस, सहाशे एकर तंबाखूची शेती, वजनदार आईबाप), तिसऱ्यात हॅटीची, चौथ्यात कोर्ट. पहिल्या तीन कडव्यांनंतर एकच धृपद येतं: डोळ्यांचा रुमाल काढा, रडायची वेळ अजून आलेली नाही. बाई मेली तरी नाही. तो मिनिटांत जामिनावर सुटला तरी नाही. चौथ्या कडव्यात न्यायाधीश हातोडा आपटतो, कायद्यापुढे सगळे सारखे असल्याचा आव आणतो, आणि लांबलचक वाक्याच्या अगदी टोकाला 'सहा महिने' येतं. मग धृपद उलटतं: आता रुमालात तोंड खुपसा, आता वेळ झाली. रडायचं कशावर, तर निकालावर. हे डिलन कुठेही समजावून सांगत नाही, धृपदाची जागाच सांगते. गोरा आणि काळा हे शब्द तर गाण्यात एकदाही नाहीत.

तिसऱ्या कडव्यात आणखी एक गोष्ट ऐका. हॅटी काय काम करायची ते सांगताना लागोपाठ तीन ओळी 'टेबल' याच शब्दावर संपतात. टेबलाच्या मानाच्या जागी ती कधी बसली नाही, टेबलावरच्यांशी बोलली नाही, टेबलावरचं उष्टं काढलं. यमक जुळवणं डिलनला अवघड नव्हतं. त्याने ते मुद्दाम टाळलं, कारण त्या बाईच्या दिवसात दुसरं काही नव्हतंच. तोच शब्द तिसऱ्यांदा आला की ऐकणाऱ्याला तिचा कंटाळा आणि थकवा अंगात जाणवतो.

ही युक्ती वापरताना एक पथ्य आहे. धृपद बदलायचं असेल तर आधी किमान दोनदा, शक्यतो तीनदा, अक्षरही न बदलता येऊ द्या. दर कडव्याला थोडंथोडं बदललंत तर शेवटचा बदल कुणाच्या लक्षातच येत नाही. बऱ्याच नवीन गाण्यांत हीच गडबड दिसते.

दुसरं 'लाइक अ रोलिंग स्टोन', १९६५. कडव्यात शब्दांची नुसती दाटी, पहिल्याच ओळीत टाइम, फाइन, डाइम, प्राइम अशी आतली यमकं एकमेकांना ढकलत येतात. मग कोरस येतो आणि सुरुवातीला एका-एका अक्षराचे फक्त चार शब्द. दम लागेपर्यंत धावून अचानक थांबावं तसं होतं. तो कोरस मोठा वाटतो तो आधीच्या गर्दीमुळे. या गाण्याचा हॉटेलच्या लेटरहेडवर लिहिलेला कच्चा खर्डा २०१४ मध्ये लिलावात वीस लाख डॉलरच्या वर गेला. त्या कागदांच्या समासात यमकाचे उमेदवार शब्द खरडलेले आहेत, त्यात अल कपोन या गुंडाचं नावसुद्धा आहे. यमक आपोआप सुचतं असं मानणाऱ्यांनी तो समास बघावा.

निमशहरी
वरचं सगळं मान्य. माझं मत ब्रूस स्प्रिंगस्टीनला. कडवं आणि कोरस यांना एकमेकांच्या विरुद्ध उभं करणं त्याच्याइतकं कुणाला जमलेलं नाही.

'बॉर्न इन द यू.एस.ए.' (१९८४) दोन कॉर्डवर उभं आहे, बी आणि ई. सिंथेसायझरची तीच रिफ (छोटी सुरावट) पहिल्यापासून शेवटपर्यंत. वरून ऐकलं तर स्टेडियमचं जल्लोषाचं गाणं. कडव्यांत मात्र व्हिएतनामहून परतलेला माणूस आहे, त्याला रिफायनरीत काम मिळत नाही आणि माजी सैनिकांच्या कचेरीतही हात हलवत परत पाठवतात. कोरसची घोषणा दरवेळी तीच, पण प्रत्येक कडव्यानंतर तिचा अर्थ सरकतो. आधी अभिमान वाटतो, मग गाऱ्हाणं, मग जाब विचारणं. कोरसचा एक शब्दही बदललेला नाही, म्हणजे डिलनने केलं त्याच्या बरोबर उलट.

यातला धोकाही गाण्याने दाखवून दिला. कोरस इतका जोरकस होता की पुष्कळांनी कडवी ऐकलीच नाहीत. त्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन न्यू जर्सीत स्प्रिंगस्टीनचं नाव घेऊन आशेच्या संदेशाबद्दल बोलले. या गाण्याचं १९८२ चं एकट्या गिटारवरचं रूप 'ट्रॅक्स' (१९९८) या संचात आहे. तिथे गैरसमजाला जागाच नाही, पण तो झटकाही नाही. दोन्ही पाठोपाठ ऐका, मांडणीने शब्दांचा अर्थ किती फिरतो ते कळेल.

आता जवळून बघण्यासारखी जागा. व्हिएतनाममधल्या खे सान्हच्या लढाईतल्या भावाबद्दलचं कडवं. तीन ओळी येतात: भाऊ तिथे होता, व्हिएत काँगशी लढत होता, ते अजून तिथे आहेत आणि हा संपला. चौथ्या ओळीच्या जागी शब्दच नाहीत. बँड वाजत राहतो, गायक गप्प. कानाला चौथ्या ओळीची सवय लागलेली असते, ती येत नाही, आणि माणूस नाहीसा होणं म्हणजे काय ते तिथे कळतं. पुढे भावाच्या सायगॉनमधल्या मैत्रिणीचा आणि त्यांच्या फोटोचा उल्लेख येतो, तोही त्रोटक. कागदावर छापलं की ही जागा दिसतही नाही. बॅकबीट, तुमच्या 'कागदावर साधं वाटतं' या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

वस्तूंबद्दलही थोडं. 'थंडर रोड' (१९७५) सुरू होतं ते जाळीच्या दाराच्या आवाजाने, मग पोर्च, बाईचा ड्रेस, रेडिओवर रॉय ऑर्बिसन. स्वातंत्र्य, तगमग वगैरे शब्दांच्या आधी या चार गोष्टी. या गाण्याला परत येणारा कोरसच नाही, तरी गाणं आठवत नाही असं कुणी म्हणणार नाही. सुरुवातीच्या रूपात मुलीचं नाव अँजेलिना होतं, ते मेरी झालं. चार अक्षरांचं नाव जाऊन दोन अक्षरांचं आलं की चालीत किती मोकळीक मिळते ते गाऊन बघा.

एकतारी
तुमचा प्रश्न चाल आधी तयार असण्यातून आलाय, म्हणून त्यावर लिहितो. रॉकमध्ये दोन्ही घराणी आहेत.

शब्द आधी हे घराणं म्हणजे बर्नी टॉपिन आणि एल्टन जॉन. १९६७ मध्ये एका रेकॉर्ड कंपनीच्या जाहिरातीमुळे दोघांची गाठ पडली. टॉपिन कागद देणार, एल्टन पियानोवर ठेवून चाल लावणार. 'युअर साँग' (१९७०) मधला प्रियकर बोलता बोलता स्वतःलाच खोडतो, 'मी शिल्पकार असतो तर' असं म्हणतो आणि लगेच 'पण नकोच ते' म्हणून सोडून देतो. ओळ विस्कटलेली आहे, मीटरमध्ये घोटलेली नाही, आणि म्हणूनच समोर बसून कुणी बोलतंय असं वाटतं. चाल आधी असती तर असली ओळ सुचली नसती, असं मला वाटतं. या पद्धतीचा तोटाही आहे. संगीतकाराला लांबी जड झाली की तो कात्री लावतो. 'डॅनियल' (१९७३) मध्ये एल्टनने शेवटचं कडवं काढून टाकलं. डॅनियल व्हिएतनामहून परतलेला जखमी सैनिक आहे याचा खुलासा त्या कडव्यात होता. मग लोक वर्षानुवर्षे तर्क लढवत बसले. गाण्याचं त्यात नुकसान झालं नाही, पण एवढी महत्त्वाची गोष्ट शेवटच्या कडव्यासाठी राखून ठेवू नये हा धडा घ्यावा.

चाल आधी हे तुमचं घराणं. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने 'यस्टर्डे' ची चाल झाल्यावर बराच काळ 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' असे भरतीचे शब्द घालून ठेवले होते. पॉल सायमनच्या 'द बॉक्सर' (१९६९) मधला 'लाय ला लाय' हा कोरस मुळात शब्द सुचेपर्यंतची तात्पुरती सोय होती, तो तसाच राहिला आणि गाण्याचा जीव झाला. 'ग्रेसलँड' (१९८६) साठी सायमनने १९८५ मध्ये जोहान्सबर्गला आधी वाद्यांचे ट्रॅक करून घेतले आणि टेप घरी आणून त्यांवर शब्द लिहिले. टॉकिंग हेड्सच्या डेव्हिड बर्नचीही रीत तीच, आधी निरर्थक अक्षरं गाऊन घ्यायची, मग त्यांच्या आवाजाला धरून शब्द.

हे करायची पद्धत अशी. चालीवर कुठल्याही अर्थाविना अक्षरं गा आणि फोनवर रेकॉर्ड करा, तीन-चार वेळा. मग ऐकताना फक्त स्वर लिहून काढा: कुठे आ येतोय, कुठे ओ, कुठे तोंड बंद होतंय. एकाच जागी पुनःपुन्हा तोच स्वर येत असेल तर ती चालीची मागणी समजा आणि तिथे त्याच स्वराचा शब्द शोधा. अक्षरसंख्या मोजून घ्या. भरतीच्या शब्दांची संख्या आणि खऱ्या शब्दांची संख्या सारखी राहिली की चाल मोडत नाही. अर्थ सर्वांत शेवटी. आधी अर्थ ठरवून तो चालीत कोंबला तर 'आणि', 'तर', 'ना', 'रे' असे टेकू लागतात आणि ड्रमवर ते टेकूच पहिले ऐकू येतात.

शब्दच सुचत नसतील तर डेव्हिड बोवीचा मार्ग. त्याने लेखक विल्यम बरोज यांच्याकडून कात्रणांची पद्धत उचलली होती, 'डायमंड डॉग्ज' (१९७४) च्या काळात ती बरीच वापरली. लिहिलेल्या ओळी कापून पट्ट्या करायच्या, हलवायच्या, नवीन क्रमाने लावायच्या. नव्वदच्या दशकात तर त्याच कामासाठी त्याच्याकडे संगणकाचा प्रोग्रॅम होता. यातून अख्खं गाणं क्वचितच मिळतं, पण एखादी न सुचणारी जोडी हाताला लागते.

बॅकबीट
खूप मिळालं, धन्यवाद. आता माझ्याच दोन ओळी टाकतो, मोकळेपणाने सांगा.

'पावसात भिजलेल्या आठवणी आल्या
मनातल्या भावना मनातच राहिल्या'

अक्षरं मोजली तर दोन्हींत चौदा. म्हणजे हिशेब ठीक आहे, तरी ड्रमवर ओळ सरपटते.

ठाय_लय
हिशेब चुकलाय तो अक्षरं मोजण्यातच. तुम्ही लिहिलेली अक्षरं मोजलीत, रॉकमध्ये उच्चारलेली मोजायची. अभंगात सहा-सहा-सहा-चार मोजताना आपण प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणतो, 'अ' कारासकट. बोलताना 'पावसात' हे पाव्-सात् होतं आणि 'भिजलेल्या' हे भिज्-ले-ल्या. चालीत मात्र तुम्ही पा-व-सा-त असं गात असणार, कारण चौदा अक्षरं भरायची आहेत. भावगीताचा वास तिथून येतो. ओळ आधी मित्राशी बोलल्यासारखी बोला, ती रेकॉर्ड करा आणि जेवढे ठोके ऐकू येतात तेवढेच मोजा.

दुसरं, वजन. इंग्रजी शब्दात कुठल्या अक्षरावर जोर हे ठरलेलं असतं, तो जोर ठोक्यावर आणला की काम झालं. मराठीत तसा ठाम आघात नाही. आपल्याकडे आहे ते लघु-गुरू, म्हणजे आखूड आणि लांब उच्चाराची अक्षरं. ४/४ मध्ये पहिला आणि तिसरा ठोका किकचा (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), दुसरा आणि चौथा स्नेअरचा (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम). गुरू अक्षरं एक आणि तीनवर आणा. 'आठवणी' मध्ये सुरुवातीला 'आ' आहे आणि मग तीन अक्षरं घरंगळत जातात, म्हणून ओळ सरपटते.

उदाहरणासाठी नवीन ओळ घेतो: 'तुझी छत्री अजून दाराच्या खुंटीला'. 'तुझी' आदल्या बारच्या शेवटच्या ठोक्यावर, म्हणजे समेच्या आधी. 'छत्' एकवर, 'री' त्याच्या मागच्या अर्ध्यावर. दोनवर गप्प, तिथे स्नेअर मोकळा वाजू द्या. 'अ' दोनच्या मागच्या अर्ध्यावर आणि 'जून' तीनवर, लांबवून. चार रिकामा. पुढच्या बारमध्ये 'दा' एकवर, 'रा' मागच्या अर्ध्यावर, 'च्या' दोनवर, 'खुं' तीनवर, 'टी' मागे, 'ला' चारवर. छत्, जून, दा, खुं ही चारही गुरू अक्षरं किकवर बसली. पायाने एक-तीन आणि टाळीने दोन-चार धरून म्हणून बघा. आधी ७० बीपीएमवर, मग ९६ वर. ७० वर बसणारी ओळ ९६ वर चुरगळली तर अक्षरं जास्त झालीत, दोन काढा.

तिसरं, यमक. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे आल्या-राहिल्या, गेला-झाला अशी यमकं फुकट मिळतात आणि फुकटची यमकं कानाला कळतात. सोपा उपाय म्हणजे क्रियापद ओळीच्या पोटात ढकला किंवा गाळा आणि नामावर संपवा. बोलीत आपण ते सर्रास करतो. आणि यमक नसलं तरी चालतं हेही ध्यानात ठेवा. सायमनच्या 'अमेरिका' (१९६८) मध्ये ओळींच्या शेवटी यमकच नाही, आणि ऐकताना बहुतेकांना ते जाणवतही नाही, कारण तीन मात्रांची लय आणि सिगारेट, पाय (भरलेली पेस्ट्री), बस अशा हाताला लागणाऱ्या वस्तू गाणं पुढे ओढतात.

आठवणी, भावना, मन, एकांत हे शब्द सहा महिने बाजूला ठेवा. निमशहरींनी सांगितलेली जाळीच्या दाराची गोष्ट हीच. छत्री म्हटलं की आठवण न म्हणता येते.

निमशहरी
ठाय_लय यांनी फार नेमकं लिहिलंय. एक भर: तार सप्तकातल्या लांब स्वरावर आ, ओ, ए ठेवा. ई आणि ऊ वर गळा आवळतो, गायक ओढून ताणून गातो.

कानसेन
त्याला एक अपवाद जोडतो, नाहीतर तो नियम होऊन बसेल. 'लाइक अ रोलिंग स्टोन' च्या कोरसचा लांबवलेला शब्द 'फील' आहे, म्हणजे सरळ ई. तिथे तो बोचतो आणि बोचायलाच हवा, कारण प्रश्न टोमण्याचा आहे. स्वर मधल्या पट्टीत असेल आणि भाव टोचणारा असेल तर ई उत्तम. सुरेल, मोकळं वाटायला हवं असेल तर आ.

स्वरांवरून कोहेन आठवला. 'हालेलुया' (१९८४) मध्ये प्रत्येक कडव्याच्या ओळी त्या एका शब्दाशी यमक जुळवायला धावतात, आणि इंग्रजीत तसा शब्द सहज मिळत नाही. मग तो 'यू' ला 'या' करून टाकतो: डू या, न्यू या. बायबलमधला गंभीर शब्द आणि गल्लीतला उच्चार एकत्र बसतात. गाणं पवित्र आणि शारीर दोन्ही वाटतं ते या यमकामुळे, विषय नंतर येतो. त्याच गाण्यात चौथा, पाचवा (पट्टीतले कॉर्ड), मायनरला उतरणं, मेजरला चढणं असे शब्द आहेत आणि ते गाताना खाली कॉर्डही त्याच येतात. सी मेजरमध्ये एफ, जी, ए मायनर, एफ. शब्द आणि हार्मनी एकाच क्षणी एकच गोष्ट सांगतात. मात्र तुम्ही हे करून बघायला जाऊ नका, एका गाण्यात खपलं म्हणून दुसऱ्यात खपेलच असं नाही.

एकतारी
जोनी मिचेल राहिली. 'बोथ साइड्स नाउ' बघा: पहिलं कडवं ढगांवर, दुसरं प्रेमावर, तिसरं आयुष्यावर. कोरसचा सांगाडा तोच, फक्त ते एक नाम बदलतं. इतकी सोपी रचना की शाळेतल्या पाठासारखी वाटावी, पण ढग आधी असल्यामुळे आयुष्यापर्यंत पोचताना ओळ जड होत नाही. क्रम उलटा असता तर भाषण झालं असतं. तिने स्वतः ते १९६९ मध्ये गायलं आणि २००० मध्ये ऑर्केस्ट्राबरोबर खालच्या, खरखरीत आवाजात पुन्हा गायलं. शब्द तेच, पण आयुष्य दोन्ही बाजूंनी बघितलंय हे दुसऱ्या वेळी पटतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर गोव्याचा रेमो फर्नांडिस. 'गोअन क्रेझी' (१९८४) त्याने शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर एकट्याने वाजवून केला. स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' (१९८२) ही तसल्याच यंत्रावर घरीच झालेला. चारच ट्रॅक असले की शब्दांच्या आड लपायला जागा उरत नाही, त्यामुळे ढिली ओळ लगेच उघडी पडते. बॅकबीट, तुमच्या गाण्यांचे डेमो एक गिटार आणि एक आवाज एवढ्यावरच करून बघा.

बॅकबीट
नवीन ओळी बोलून, ठोके मोजून लिहिल्या:

'तुझी छत्री अजून दाराच्या खुंटीला' (ही ठाय_लय यांची, परवानगी असेल तर ठेवतो)
'तुझी चावी अजून दूधवाल्याच्या हातात'

दुसरी अजून लांब होतेय का?

ठाय_लय
ओळ खुशाल ठेवा. दुसरी मोजायला तेवढीच आहे, पण जड आहे. 'तुझी चावी अजून' पर्यंत बरोबर पहिल्यासारखी बसते, पण पुढच्या बारमध्ये 'दूध-वा-ल्या-च्या हा-तात' अशी सहा अक्षरं येतात आणि 'ल्याच्या' वर जीभ अडखळते, कारण दोन जोडाक्षरं पाठोपाठ आली. 'तुझी चावी अजून शेजारच्या घरी' करा. 'शे' एकवर, 'जार' मागच्या अर्ध्यावर, 'च्या' दोनवर, 'घ' तीनवर आणि 'री' तीनच्या मागून चारपर्यंत ओढून. 'घ' लघु आहे, म्हणून तीनवर किक थोडी हलकी मारायला सांगा. आणि 'तुझी' ने दोन ओळी सुरू केल्यात तर तिसरीही त्यानेच सुरू करा, चौथी मात्र 'माझी' ने.